दहा गाठींचा निळा दोरा

मी सांगते आणि लेक लिहून घेते. मला शाळा तिसरीपर्यंत. अक्षर जुळवून वाचता येतं, पण लिहायला बसले तर एका ओळीत चहा गार होतो. तिला म्हटलं, बोलते तसंच लिही, सुधारत बसू नको.

आयुष्य सगळं इचलकरंजीत गेलं. मालक वारले तेव्हा ही चार वर्षांची होती. मी मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. माग चालायचा तर धोट्यात सुताची कांडी लागते, ती भरायचं काम आम्हा बायकांचं. बावीस वर्षं केलं. तिथं मागांचा आवाज एवढा, की शेजारी बसलेल्या बाईशी बोलायचं तरी ओरडून. त्यानं माझा आवाज मोठा झाला आणि कान मंद झाले. दुसरं काही वाईट झालं नाही. पोरगी शिकली, इंजिनियर झाली. त्या वर्षांत कॉम्प्युटरची पोरं सगळी परदेशात निघाली होती. शेजारची अमेरिकेला गेली. आमचे जावई जपानला गेले आणि मागनं ही गेली.

तिला दुसऱ्या वेळेला दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरनं दवाखान्यात ठेवून घेतलं. दुखणं अवेळी सुरू व्हायची भीती होती. उठायचं नाही, बसायचं नाही, हाताला सलाईन. किती दिवस? तर दिवस भरेपर्यंत. तिला सासू नाही. घरात पाच वर्षांची नात. मग मीच गेले. त्याआधी मी कोल्हापूरच्या पलीकडं दोनदा गेले असेन.

विमानाचं काय सांगू, बसले आणि उतरले. जावई न्यायला आले होते. तिथनं आगगाडीनं घरी जायचं होतं. गाडी आली ती खाली जिथं रेघ मारली होती बरोबर तिथं दार आणून उभी राहिली. माणसं दोन ओळीत उभी. आतली उतरली, मग बाहेरची चढली. कुणाचा कुणाला धक्का नाही. मी बसले आणि म्हटलं, "केवढं हो हे!"

अख्ख्या डब्यानं मान वर केली.

जावई कानाशी आले. "आई, जरा हळू. इथं गाडीत कुणी बोलत नाही."

"का? कुणी गेलंय का?"

"नाही हो. पद्धत आहे."

मग मी गप्प बसले. तासभर त्या डब्यात शंभर माणसं होती आणि चाकाचा आवाज ऐकू येत होता. बावीस वर्षं खडखडाटात काढल्यावर एवढी माणसं एवढी शांत बसलेली मी पहिल्यांदा बघितली. मला ते आवडलं.

घर निशी-कसाई नावाच्या भागात. तिथं आपली माणसं बरीच. डाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळणारं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, जावयांनी मला दवाखान्यात नेलं. लेक भिंतीकडं तोंड करून पडली होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. तेवढ्यात जेवण आलं. पांढरा भात, बाजूला मासा, आणि वाटीत पाणी होतं त्यालाही माशाचा वास. ही जन्माची शाकाहारी. भाताचे चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"रोज असंच?" मी विचारलं.

"आई, चालतं गं. भात असतो की."

डॉक्टरनं जावयांना बाहेर नेऊन सांगितलं होतं, हिचं वजन उतरतंय, असं खाल्लं नाही तर पोटातलं बाळ कसं वाढायचं. जावयांनी मोठ्या नर्सबाईला वाकून वाकून विनंती केली. तिनं एवढं मान्य केलं की घरच्या माणसानं बाराला डबा आणायचा, पाऊण वाजता निघायचं. पण आणायचा कुणी? जावयांचं ऑफिस दुसऱ्या टोकाला. आमच्या ओळखीच्या बायका आपापल्या कामावर.

"मी आणते," मी म्हटलं.

"आई, तुम्ही एकट्या? तुम्हाला इथलं अक्षर येत नाही, बोलणं येत नाही, वर ऐकू कमी. माझं ऑफिसात लक्ष लागायचं नाही."

"तुम्ही दोन दिवस बरोबर या. तिसऱ्या दिवशी मी जाते."

ते मग म्हणाले, "ठीक आहे. पण एकदा जरी चुकलात तर बंद. आणि चुकलात तर मला सांगायचं. मग डब्याचं मी दुसरं काहीतरी बघतो."

दुसरं काही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

स्टेशनात भिंतीवर गाड्यांचा नकाशा लावलेला. लोकांना तो बघून घाबरायला होतं म्हणे. मला तो ओळखीचा वाटला. रंगीत सुताचा गुंता पडलाय असा. गुंता पडला की सगळा बघायचा नसतो. आपला एक धागा धरायचा आणि सोडायचा नाही. आपला धागा आकाशी निळा. डब्यालासुद्धा तसाच पट्टा. घरापासनं दवाखाना दहावं स्टेशन. माझ्या पिशवीत दोरा-सुई कायम असते. मी निळा दोरा घेतला आणि त्याला दहा गाठी मारल्या. गाडी थांबली की अंगठा पुढच्या गाठीवर. गाठी संपल्या की उतरायचं. येताना तेच उलटं.

जावई हसले. "जप करताय का, आई?"

"जप चुकला तर देव सांभाळून घेतो. ही गाडी सांभाळून घेणार आहे का?"

लेकीनं एका चिठ्ठीवर जपानी अक्षरात घरच्या स्टेशनाचं नाव लिहून दिलं, खाली दवाखान्याच्या स्टेशनाचं, आणि त्याच्याखाली जावयांच्या ऑफिसचा फोन. चिठ्ठी कमरेच्या बटव्यात, दोरा हातात, डबा तीन फडक्यांत बांधलेला. मेथीचा वास डब्याबाहेर जायला नको.

पहिल्या दिवशी एकटी निघाले तेव्हा पहिल्याच डब्यात बसले, ड्रायव्हरच्या पाठीमागं. मधे काच होती. त्याच्या हातात पांढरे मोजे. दिवा दिसला की त्याच्याकडं बोट करायचा आणि तोंडानं काहीतरी म्हणायचा. आत दुसरं कुणी नव्हतं, स्वतःलाच सांगायचा. घड्याळाकडं बोट, पुन्हा म्हणायचा. मला आधी वाटलं डोकं फिरलंय. मग कळलं, नुसत्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही. बोटानं शिवून, तोंडानं म्हणून मग पुढं जातो. आमच्या कारखान्यात जुन्या बाया अशाच होत्या, एकेक सूत बोटाखालनं गेल्याशिवाय कांडी सोडायच्या नाहीत. म्हटलं, हा माझ्यातलाच आहे. मग मीसुद्धा गाठ सरकवली की तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. एक. दोन. तीन.

नऊ दिवस असे गेले. बाराला दोन मिनिटं कमी असताना मी तिच्या खाटेपाशी. भाकरी, आमटी, मऊ भात, वरनं तूप. चौथ्या दिवसापासनं ती डब्याची वाट बघायला लागली. आठव्या दिवशी म्हणाली, "आई, उद्या जरा ठेचा आण ना." पोरीनं ठेचा मागितला, मला देव भेटल्यासारखं झालं. मोठी नर्सबाई वजनाच्या कागदावर बोट ठेवून हसून दाखवायची.

दहाव्या दिवशी परत येताना चुकलं.

त्या दिवशी सलाईन बदलायला वेळ लागला, मी दवाखान्यातनं एक वाजता निघाले. सव्वा दोनला नातीची शाळेची बस आमच्या इमारतीपाशी येते. घरचं माणूस समोर उभं नसेल तर पोरीला उतरू देत नाहीत, परत शाळेत नेतात आणि बापाला फोन करतात. पण वेळ भरपूर होता. आलेल्या गाडीत बसले. निळा पट्टा बघितला, झालं. एक, दोन करत आठ गाठी झाल्या. नववं स्टेशन यायच्या वेळेला गाडी थांबंना. खिडकीबाहेर दिवे भराभर मागं गेले, फलाट गेला, माणसं गेली. मी म्हटलं, असं कसं? तोवर गाडी जमिनीखालनं वर आली, उजेड पडला, नदीचा पूल आला. पुलानंतर आमचं स्टेशन. मी डबा उचलून उभी राहिले.

आणि आमचं स्टेशन खिडकीतनं पळत गेलं. आमचं आपलं दुकान गेलं, इमारती गेल्या, सगळं नुसतं बघत राहिले. नंतर आणखी एक स्टेशन गेलं. मग दुसरी नदी आली. ती मी कधी बघितली नव्हती. तिच्या पलीकडं गाडी थांबली.

अंगठा सरकवला, नववी गाठ. दोरा म्हणत होता अजून एक राहिलं. डोळे म्हणत होते घर मागं गेलं. कांडी भरताना सूत तुटलं तर आधी चाक थांबवायचं, ओढत बसायचं नाही. मी उतरले.

घड्याळात पावणेदोनला पाच मिनिटं कमी. बसची वेळ मनात होतीच, पण त्यापेक्षा दुसरं जास्त होतं. बस परत गेली की जावयांना फोन. जावयांना फोन गेला की उद्यापासनं डबा बंद. आणि उद्या लेकीनं पुन्हा भाताचे चार घास खाऊन ताट सरकवायचं. रडून काही उपयोग नसतो, हे मला फार आधी कळलंय.

जिन्यानं खाली गेले, दुसऱ्या बाजूनं वर आले. उलट जायची गाडी आलीच. चिठ्ठी उघडून हातात धरलीच होती. चढणार तेवढ्यात माझ्या पुढं पांढरा मोजा आला. स्टेशनातला माणूस, पन्नाशीचा, डोक्यावर टोपी. हात लावला नाही, नुसता तळवा आडवा धरला. दार बंद झालं, गाडी गेली. मला असा राग आला की मी मोठ्यानंच म्हटलं, "अहो, काय केलंत हे! माझी गाडी होती ती!"

तो कमरेत वाकला. मी चिठ्ठी दाखवली. त्यानं घरच्या स्टेशनाच्या नावावर बोट ठेवलं, गेलेल्या गाडीकडं बोट केलं आणि दोन्ही हातांची फुली केली. ती गाडीसुद्धा घरापाशी थांबणारी नव्हती. हा आडवा आला नसता तर मी पुन्हा घरासमोरनं पळत गेले असते, उलट्या दिशेनं.

मग त्याला चिठ्ठीच्या खाली लिहिलेला फोन दिसला. त्यानं हाताचा फोन करून कानाला लावला, आकड्याकडं बोट केलं. लावू का?

मी चिठ्ठी मुठीत दाबली. "नको. नको."

त्याला वाटलं असेल, म्हातारी घरातनं पळून आलीय. मग मी डबा वर केला. हातानं पोट मोठं करून दाखवलं. गालाखाली हात घेऊन निजल्यासारखं केलं. घास भरवल्यासारखं केलं. आणि पुन्हा मूठ छातीशी धरली. कधी नव्हे ते त्या फलाटावर मी असं नाटक केलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं तोंडावर हात धरला.

त्याला किती कळलं देव जाणे. त्यानं माझ्या मुठीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि मान हलवली. खांबापाशी त्यांचा फोन होता, तिथं जाऊन बोलला. मला वाटलं, जावयांनाच लावला. पण चिठ्ठी तर माझ्या मुठीत, आकडा त्याला कुठला आठवतोय. परत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. पुढची गाडी येईपर्यंत हलला नाही. गाडी आली तेव्हा समोरचं दार दाखवलं, दोन बोटं वर केली. दुसरं स्टेशन. मी दोन गाठी चिमटीत धरून त्याला दाखवल्या. तेव्हा तो हसला.

दुसऱ्या स्टेशनावर दार उघडलं, तर बरोबर त्या दारासमोर दुसरा टोपीवाला उभा. माझ्या लुगड्याकडं बघून वाकला, घरच्या बाजूचा जिना दाखवला. म्हणजे तो फोन इथं लावला होता. कुठल्या दारातनं म्हातारी उतरेल, ते सुद्धा त्यांना ठाऊक. एवढ्या मोठ्या शहरात, लाखो माणसांत, एका अडाणी बाईसाठी दार ठरवून माणूस उभं केलं होतं. आमच्या गावात एसटीतनं उतरताना मी पडले होते तेव्हा गाडी थांबली नव्हती. मी कुणालाच दोष देत नाही. पण बघितलं ते सांगते.

बस आली तेव्हा मी जागेवर होते. पिवळी टोपी घालून नात उतरली.

"आजी, तुला घाम का आलाय?"

"गाडी आपल्या स्टेशनावर थांबलीच नाही."

"गाडीच्या कपाळावर लाल अक्षर होतं?"

"मी बघितलं नाही बाई."

"आजी! दामे!" हे ती काही चुकलं की म्हणायची, मलाही आणि मांजरालाही. "लाल असेल तर बसायचं नाही. ती घाईच्या माणसांची गाडी. आपली हळूची असते. सगळ्यांना माहितीय!"

"मला नव्हतं माहीत."

"मग विचारायचंस ना."

पाच वर्षांचं पोर, पण चूक माझीच होती. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं की सगळ्या गाड्या सगळीकडं थांबतात का. आमच्याकडची गाडी स्टेशन सोडून जात नाही असंच मी धरून चालले होते. आणि घरनं निघताना कधी चुकलं नाही, कारण घाईची गाडी आमच्याकडं थांबतच नाही, तर मी बसणार कशी? चूक फक्त येताना लपून बसली होती. रोज पाऊणला निघायचे तेव्हा हळूचीच गाडी मिळायची, त्या दिवशी उशीर झाला आणि घाईची मिळाली.

संध्याकाळी जावई जेवायला बसले. मी मनात शब्द जुळवत होते. त्याआधीच नात म्हणाली, "बाबा, आजी आज लाल गाडीत बसली!"

जावयांचा घास हातात राहिला.

"चुकले," मी म्हटलं. "नदीच्या पलीकडं गेले. परत आले. बसच्या वेळेला हजर होते. सांगायचं ठरलं होतं, म्हणून सांगते." आणि सगळं सांगितलं, मुठीचंसुद्धा.

मी ताटाकडं बघत बसले. जावई म्हणाले, "दोरा बघू."

मी दिला. दुपारीच त्याच्या टोकाला लाल सूत बांधून ठेवलं होतं. हातात दोरा घेतला की लाल दिसणार, की गाडीच्या कपाळाकडं बघायचं.

"हे लाल कधी बांधलंत?"

"घरी आल्या आल्या."

त्यांनी दोरा उलटापालटा केला. "आम्ही प्रोग्रॅम लिहितो ना आई, त्यात रोज चुका निघतात. चूक सापडली की दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवायचा. चुकला म्हणून कुणी बंद करत नाही." दोरा माझ्या हातात ठेवला. "उद्या ठेचा जरा जास्त करा. मलाही डब्यात हवाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरायचा नव्हता, तरी चिरला.

दुसऱ्या दिवशी लेकीनं लाल सूत लगेच ओळखलं. सांगितलं तशी हसायला लागली. हसायची तिला मनाई, पोटावर हात धरून हसत होती. मग म्हणाली, "आई, पहिल्या महिन्यात मीसुद्धा तशीच गेले होते. शेवटच्या स्टेशनापर्यंत. तिथं बाकावर बसून तासभर रडले. घरी आजपर्यंत सांगितलं नाही."

"इंजिनियर ना तू?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

हे लिहिताना ती आत्ता म्हणतेय, आई हे काढ. मी काढणार नाही.

त्यानंतर एकही डबा चुकला नाही. लाल अक्षराच्या गाडीला मी फलाटावरनं वाट करून द्यायची, जा बाई, तुला घाई आहे. दिवस भरले, नातू झाला, वजनानं चांगला. लेक घरी यायच्या आदल्या दिवशी मी डिंकाचे लाडू केले. चार एका डबीत बाजूला काढले.

"हे कुणाला?" लेकीनं दवाखान्यात विचारलं.

"त्या टोपीवाल्याला."

"आई, ते बाळंतिणीचे लाडू आहेत!"

"दिवसभर उभा असतो तो. कंबर त्याचीही दुखत असेल."

त्या दिवशी परत येताना मी मुद्दाम लाल अक्षराची गाडी धरली. घर खिडकीतनं पळत गेलं, मी बसून बघितलं. दुसरी नदी आली. उतरले, जिन्यानं पलीकडच्या फलाटावर गेले, तो माणूस होता. त्याला मी लगेच आठवले, लुगडं नेसलेली दुसरी कुठली असणार. मी लाडू पुढं केले. त्यानं दोन्ही हात हलवून नको म्हटलं, कामावर घेत नसावेत. मग मी हातानं पाळणा करून हलवला.

त्यानं टोपी काढली. दोन्ही हातांनी डबी घेतली आणि एवढा वाकला की मला त्याचं टक्कल दिसलं. मीही वाकले. मग माझी गाडी आली, हळूची. त्यानं कपाळावरचं अक्षर बघितलं, ड्रायव्हरसारखं त्याच्याकडं बोट केलं, तोंडानं काहीतरी म्हणाला आणि मला चढू दिलं. दोन बोटं वर करायला लागला.

"माहितीय," मी म्हटलं, आणि तेही मोठ्यानंच म्हटलं.